विश्लेषण : पियानोच्या हातोडीचे वजन किती असावे? नागपुरात नोकरी केलेल्या सर सी. व्ही. रामन यांचा या प्रश्नाशी काय संबंध?

भजनाला बसण्याआधी पखवाजवाला एक काम हमखास करतो. ओल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापतो, एक थाप मारून ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो आणि पुन्हा ऐकतो. कणीक वाढली की स्वर खाली उतरतो, जास्तच झाली तर आवाज बसतो. कमी पडली तर घुमारा येत नाही. मंगरूळपीरच्या बिरबलनाथ महाराजांच्या मंदिरातले भजन असो की आळंदीचे कीर्तन, हा काही ग्रॅमचा हिशेब कुणी वहीत मांडत नाही. तो कानाने होतो.

मंगरूळपीरसारख्या गावात पियानो सहसा पाहायला मिळत नाही. पण पियानो बनवणाऱ्यांपुढे आणि दुरुस्त करणाऱ्यांपुढे गेली ३०० वर्षे जवळपास हाच प्रश्न आहे. तारेवर आदळणारी छोटी हातोडी किती जड असावी? शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला गणिताने हात घालणाऱ्यांमध्ये एक भारतीय होता. आधी सरकारी हिशेब खात्यात अधिकारी असलेला, काही काळ नागपुरात राहिलेला. दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत त्यांचा फोटो लागतो, पण तो प्रकाशावरच्या संशोधनासाठी. चंद्रशेखर वेंकट रामन यांची पहिली पंधरा वर्षे मुख्यतः आवाजाच्या अभ्यासात गेली, हे त्या दिवशीच्या भाषणात क्वचितच येते.

पियानोत हातोडी नेमके काय करते?

पियानोची पट्टी दाबली की बोट थेट तारेला लागत नाही. पट्टी म्हणजे एक तरफ. तिच्या दुसऱ्या टोकाकडे लाकडी यंत्रणा असते आणि त्या यंत्रणेच्या शेवटी नमदा चढवलेली हातोडी. नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर. पट्टी जेमतेम सेंटीमीटरभर खाली जाते, तेवढ्यात हातोडी सुमारे पाच सेंटीमीटर उडते. तारेजवळ पोहोचण्याच्या क्षणी यंत्रणा तिला सोडून देते. शेवटचा थोडा प्रवास हातोडी एकटी करते, तारेवर आदळते आणि परत फिरते.

ही सुटण्याची युक्ती इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास बसवली. ती नसती तर हातोडी तारेला चिकटून राहिली असती आणि आवाज जन्मताच मेला असता.

चिकटून राहण्याचा हा मुद्दाच सगळ्या विषयाचे मूळ आहे. सुटलेली हातोडीही तारेवर टेकते ती काही क्षणांसाठीच. खर्जाच्या बाजूला सुमारे चार मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. वरच्या सप्तकांत एक मिलिसेकंदापेक्षाही कमी. पण तेवढ्या वेळात स्वराचा रंग ठरून जातो.

तार एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते. पूर्ण लांबीने थरथरते तेव्हा मूळ स्वर मिळतो. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत थरथरते आणि त्यातून वरचे उपस्वर निघतात. उपस्वर भरपूर असतील तर आवाज झगझगीत वाटतो, कमी असतील तर गोल आणि मऊ. हातोडी तारेवर जितका जास्त वेळ टेकून राहील, तितके वरचे उपस्वर तिच्याच खाली दाबले जातात. वाजलेल्या झांजेवर बोट ठेवले की होते तेच, फक्त इथे हे सगळे मिलिसेकंदांत घडते.

मग वजनाचा संबंध कुठे येतो?

हातोडीला तारेवरून ढकलून परत पाठवते ती तारच. हातोडी आदळली की तारेत एक लाट निघते. ती जवळच्या टोकापर्यंत जाते, तिथे आपटून परत येते आणि हातोडीला धक्का देते.

एक छोटा हिशेब मांडून पाहू. पियानोच्या मध्यावरचा सा (पाश्चात्त्य पद्धतीतला मिडल सी) सेकंदाला सुमारे २६२ वेळा थरथरतो, म्हणजे एका कंपनाला ३.८ मिलिसेकंद लागतात. हातोडी साधारण तारेच्या आठव्या भागावर आदळते असे धरले, तर जवळच्या टोकाला जाऊन परत यायला लाटेला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. हातोडी हलकी असेल तर असे एकदोन धक्के तिला उडवायला पुरतात. जड असेल तर ती हे धक्के पचवत तारेवर बसून राहते आणि बऱ्याच धक्क्यांनंतर सुटते.

थोडक्यात, जड हातोडीने आवाज मोठा होतो हे अर्धेच खरे. जड हातोडी जास्त ताकद घेऊन येते, पण जास्त वेळ थांबतेही. वजन वाढवत गेले की एका टप्प्यापर्यंत आवाज भरदार होतो, नंतर मंद आणि दबलेला. वजन घटवत गेले की आवाज स्वच्छ आणि चमकदार होतो, नंतर पातळ.

सगळ्या हातोड्यांना एकच वजन का चालत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. खर्जाच्या तारा तांबे गुंडाळलेल्या, लांब आणि जड असतात. तिथे तारेच्या मानाने हातोडी कितीतरी हलकी ठरते. उलट सर्वांत वरच्या स्वरांच्या तारा जेमतेम वीतभरापेक्षाही आखूड आणि बारीक. तिथे हातोडीच तारेच्या काही पट जड होते. म्हणून ८८ पट्ट्यांच्या पियानोत डावीकडच्या पहिल्या हातोडीचे वजन १० ग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि उजवीकडे जाताना ते उतरवत चार-पाच ग्रॅमपर्यंत आणतात. हा उतार एकसारखा असावा लागतो. मध्येच एखादी हातोडी अर्ध्या ग्रॅमने चुकली तरी जाणत्या वादकाच्या बोटाला आणि कानाला ते कळते.

हा सगळा हिशेब रामन यांच्यापर्यंत कसा पोहोचला, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गणिताच्या शिक्षकाचा मुलगा

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीचा. वडील चंद्रशेखर अय्यर गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. पुढे विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी मिळाली म्हणून कुटुंब तिकडे गेले. वडिलांना व्हायोलिनची आवड होती, ते स्वतः वाजवत. घरात पुस्तके आणि वाद्य दोन्ही होते.

मुलगा विलक्षण हुशार निघाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये पंधराव्या वर्षी बीए, १९०७ मध्ये एमए. दरम्यान १९०६ मध्ये, विद्यार्थिदशेतच, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये पहिला शोधनिबंध छापून आला. याच काळात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे स्वरांच्या शास्त्रावरचे पुस्तक त्यांच्या हाती लागले. आपल्यावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या तीन पुस्तकांत रामन पुढे त्याची गणना करत. बाकीची दोन म्हणजे युक्लिडची भूमिती आणि एडविन अर्नोल्ड यांचे बुद्धचरित्रावरचे काव्य, लाइट ऑफ एशिया.

हेल्महोल्ट्झ यांनी पियानोच्या हातोडीचे गणित मांडले होते, पण ते ढोबळ होते. हातोडी तारेला ठरावीक वेळ, ठरावीक पद्धतीने दाबते असे त्यांनी धरून टाकले. हा वेळ हातोडीच्या वजनाप्रमाणे बदलतो आणि तारेकडून येणाऱ्या धक्क्यांवर अवलंबून असतो, याचा त्यात समावेश नव्हता.

संशोधनात राहायचे तर त्या काळी इंग्लंड गाठावे लागे. वैद्यकीय तपासणीत तिथली हवा मानवणार नाही असा शेरा मिळाला आणि तो रस्ता बंद झाला. उरली सरकारी नोकरी. वित्त खात्याच्या परीक्षेत रामन पहिले आले आणि १९०७ च्या मध्यावर, अठराव्या वर्षी, असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून कलकत्त्यात रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झाले. त्या वीणा वाजवत.

ट्राममधून दिसलेली पाटी

कलकत्त्यात बहूबाजार रस्त्यावर ट्राममधून जाताना रामन यांना एका इमारतीवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स अशी पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभारलेली ही संस्था. उपकरणे होती, व्याख्यानगृह होते, पण संशोधन करणारे जवळपास कुणी नव्हते. रामन यांना तिथे मोकळीक मिळाली. मदतीला आशुतोष डे, म्हणजे सगळ्यांचे आशुबाबू. विद्यापीठाची पदवी नसलेले हे मदतनीस पुढे शोधनिबंधांचे सहलेखक झाले.

दिनक्रम ठरून गेला. ऑफिसआधी सकाळी प्रयोगशाळा, दिवसभर हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा. सुट्टीचे दिवस तर पूर्णच. दहा वर्षे हे असे चालले. आज नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की रामन यांच्या हातात नोकरी आधीच होती आणि ती चांगल्या पगाराची होती.

नागपूरचे दिवस

१९०९ मध्ये बदली रंगूनला, १९१० मध्ये नागपूरला. प्रयोगशाळा सुटली, पण काम सुटले नाही. बदलीच्या गावी घराचाच एक भाग प्रयोगशाळा झाला.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. वऱ्हाडचा कारभार १९०३ पासून नागपूरशी जोडला गेला होता. वाशिम जिल्हा १९०५ मध्ये मोडला होता, त्यामुळे मंगरूळ तालुका अकोला जिल्ह्यात गेला होता. रामन ज्या शहरात सरकारी हिशेब तपासत बसले होते, त्याच शहरातून मंगरूळपीरचाही कारभार हाकला जात होता. योगायोग म्हणून नोंदवण्यापलीकडे याला फार अर्थ नाही, पण विदर्भातल्या वाचकाला तो ठाऊक असायला हरकत नाही.

या फिरतीच्या वर्षांत त्यांचा विषय होता ताणलेली तार. तिला हलवत ठेवले तर ती कशी थरथरते आणि तिच्या हालचालीचा फोटो कसा घेता येतो. यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. तार, वजने, कंपनकाटा, प्रकाशाची बारीक फट आणि फोटोची काच एवढ्यावर भागते. १९०९ मध्ये त्यांनी चक्क एकतारीवर टिपण प्रसिद्ध केले. आपल्याकडे गोसाव्याच्या हातात दिसणारे वाद्य गणिताच्या नियतकालिकात पोहोचले ते असे.

नागपुरात त्यांचा मुक्काम फार नव्हता. वडिलांचे निधन १९१० मध्येच झाले आणि १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यात आले, या वेळी तार-टपाल खात्याचे हिशेब सांभाळायला. नागपुरात गांधीसागर तलावासमोर १९९२ पासून त्यांच्या नावाचे रामन विज्ञान केंद्र उभे आहे. विदर्भातल्या शाळांच्या सहली तिथे जातात.

पगार निम्म्यावर

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले सर आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहावरून रामन यांनी सरकारी नोकरी सोडली आणि भौतिकशास्त्राची पालित अध्यापकाची जागा घेतली. पगार जवळपास निम्म्यावर आला. या जागेसाठी परदेशात प्रशिक्षण घेण्याची अट होती. ती रामन यांनी मानली नाही आणि विद्यापीठाला ती सोडावी लागली. हिशेब खात्यात ते वरच्या पदापर्यंत नक्की गेले असते. तिशीही न गाठलेल्या, कुटुंब असलेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय सोपा नव्हता, आजही कुणाला सोपा वाटणार नाही.

यानंतरची चार वर्षे वाद्यांच्या अभ्यासात फार फलदायी ठरली. १९१८ मध्ये व्हायोलिनच्या तारांवरचा मोठा ग्रंथ आला. मग त्यांनी यंत्राने वाजणारे व्हायोलिन तयार केले. त्यात गज जागेवर स्थिर आणि व्हायोलिनच मागेपुढे सरकणारे होते, म्हणजे गजाचा दाब आणि वेग हवा तसा ठरवून मोजता येई. माणसाच्या हाताची चंचलता प्रयोगातून बाहेर काढण्याची ही पद्धत कुठल्याही अभियंत्याला आवडावी अशी आहे.

१९२० चा पियानोवरचा शोधनिबंध

याच १९२० साली रामन आणि बॅनर्जी यांचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. विषय होता पियानोच्या हातोडीच्या आघाताविषयीचा काउफमान यांचा सिद्धांत.

वाल्टर काउफमान हे जर्मन शास्त्रज्ञ. वेग वाढला की इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वाढल्यासारखे दिसते, हे दाखवणाऱ्या प्रयोगांमुळे त्यांचे नाव भौतिकशास्त्राच्या इतिहासात आहे. त्याआधी, १८९५ मध्ये, त्यांनी पियानोची तार हाताळली होती. हातोडीला स्वतःचे वजन आहे आणि तारेतून परतणाऱ्या लाटा तिला ढकलतात, हे त्यांनी गणितात आणले. पण एकामागून एक परतणाऱ्या प्रत्येक लाटेचा हिशेब ठेवत जायचे म्हटले की गणित झपाट्याने किचकट होत जाते.

रामन आणि बॅनर्जी यांनी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. हातोडी तारेला टेकलेली आहे तोवर ती वेगळी वस्तू नाहीच, ती तारेवर अडकवलेले एक वजन आहे असे धरायचे. वजन अडकवलेली तार कोणकोणत्या स्वरांत थरथरते हे काढता येते. त्या सगळ्या थरथरींची बेरीज केली की हातोडीवरचा दाब क्षणाक्षणाला किती आहे ते मिळते. तो दाब शून्यावर आला की हातोडी सुटली. मधला काळ म्हणजेच टेकून राहण्याचा वेळ. तो हातोडीचे वजन, तारेचे वजन आणि आघाताची जागा या तिन्हींवर कसा अवलंबून आहे, हे आकड्यांत मांडता येते.

पखवाजावर कणीक लावून स्वर बदलणे आणि हातोडी टेकल्यावर तारेची थरथर बदलणे, या दोन्हींत एकच तत्त्व आहे. वजन चढवले की थरथरणाऱ्या वस्तूचे स्वर बदलतात. कणीक तासभर चिकटून असते, हातोडी दोन-तीन मिलिसेकंद.

या मांडणीला मर्यादा होती. त्यात हातोडी टणक धरली होती. खरी हातोडी नमद्याची असते आणि नमदा विचित्र वागतो. हळू दाबला तर मऊ, जोरात आदळला तर कडक. म्हणून पियानोवर जोरात वाजवलेला स्वर नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगही झगझगीत होतो. लवचीक हातोडीचे गणित पुढे कलकत्त्यात पंचानन दास आणि अलाहाबादेत आर. एन. घोष यांनी चालवले. पियानोच्या तारेवरचे भारतीयांचे काम हा एका माणसाचा छंद नव्हता, दोन-तीन दशके चाललेला तो एक प्रवाह होता. ज्या देशात पियानो बनत नव्हते तिथे हे घडले, याचे नवल वाटते.

प्रत्यक्षात वजन कसे निवडतात?

गणित कितीही पुढे गेले तरी कारागिराचे काम हातानेच होते. जुन्या पियानोला नव्या हातोड्या बसवायच्या असतील तर तो आधी चाचणी घेतो. काही निवडक हातोड्यांवर बारीक चिमटा लावून वजन तात्पुरते वाढवतो आणि ऐकतो. आवाज भरला तर हातोडी हलकी होती. आवाज बसला तर होती तीच ठीक, किंवा अजून थोडी हलकी हवी. वजन कमी करायचे तर नमद्याला हात न लावता लाकडाच्या बाजू आणि शेपटीकडचा भाग तासतात.

आवाजाइतकेच महत्त्वाचे असते बोटाला लागणारे ओझे. हातोडी पट्टीच्या सुमारे पाच पट अंतर कापते, त्यामुळे हातोडीवरचा एक ग्रॅम बोटाला पाच ग्रॅमसारखा लागतो. पट्टी हळूच खाली जायला साधारण ५० ग्रॅमचे वजन पुरावे असा संकेत आहे. हातोडी दोन ग्रॅमने जड केली की हा आकडा ६० वर जातो. दोन तास वाजवणाऱ्याच्या मनगटाला विचारा.

यावर जुना उपाय म्हणजे पट्टीच्या बोटाकडच्या भागात शिशाचे तुकडे बसवून वजन तोलणे. पण यात एक मेख आहे. शिसे बसवल्यावर पट्टी हळू दाबताना हलकी लागते, कारण तराजूची दोन्ही पारडी जुळलेली असतात. जलद वाजवताना मात्र हातोडीचे जास्तीचे वजन आणि शिसे, दोन्हींना वेग द्यावा लागतो. वजन तोलले गेले, तरी जडत्व कमी होण्याऐवजी वाढते. भरलेल्या दोन घागरी कावडीला दोन्हीकडे लावल्या की कावड तोल धरते, पण तिला घेऊन पळता येत नाही. म्हणून चांगला कारागीर आधी हातोडीचे वजन ठरवतो आणि शिशाला शेवटी हात लावतो.

आवाजाचा बाकीचा भाग नमद्याच्या मऊपणावर सोपवला जातो. फार झगझगीत वाटले तर सुया टोचून नमदा सैल करतात. मुंबईसारख्या दमट हवेत नमदा ओल धरतो, विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड आटते. त्यामुळे एकदा जुळवलेला पियानो जन्मभर तसाच राहत नाही.

तबल्याची शाई आणि विजापूरचा घुमट

हातोडीच्या शोधनिबंधाच्याच वर्षी रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह नेचर या नियतकालिकात तबला आणि मृदंगावर टिपण लिहिले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट अशा अडनिड्या प्रमाणात ते येतात, म्हणून साधा ढोल स्वरात बोलत नाही, नुसता आवाज करतो. तबल्याच्या मध्यावरची शाई हे कातड्यावर चढवलेले वजन आहे. ते असे बेताने चढवलेले असते की पहिले पाच स्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ प्रमाणात येतात. कातड्यावर बारीक वाळू पसरून रामन यांनी हे नक्षीच्या रूपात दाखवले.

युरोपीय शास्त्रज्ञ चर्मवाद्यांना स्वराच्या बाबतीत दुय्यम समजत होते. तबला बनवणाऱ्या अनामिक कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वीच प्रश्न सोडवला होता, फक्त तो समीकरणात लिहिला नव्हता. रामन यांच्या सगळ्या कामात हा भाग सर्वांत आपला वाटतो, आणि तो शाळेच्या पुस्तकात का नसावा हे कोडेच आहे.

१९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लेखन झाले. मिरजेचा तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा आठवेल. तो थोडा सरकवला की जवारी उघडते. रामन यांनी या रुंद, किंचित फुगीर घोडीचे वैशिष्ट्य ओळखले. पुढच्या वर्षी कुजबुजत्या घुमटांवरच्या लेखात त्यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या जोडीने विजापूरच्या गोल घुमटाचाही अभ्यास मांडला. १९२७ मध्ये जर्मनीतल्या भौतिकशास्त्राच्या महाकोशात वाद्ये आणि त्यांचे नाद हे प्रकरण लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले.

आवाजाकडून प्रकाशाकडे

तोवर रामन यांचे मन दुसरीकडे वळले होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना विचारात पाडले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात का, हा प्रश्न त्यातून निघाला. पुढे के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तो भाग सर्वांना ठाऊक आहे.

दोन्ही विषय वाटतात तेवढे लांब नाहीत. रेणूसुद्धा ठरावीक स्वरांत थरथरतो आणि हे स्वर त्यातल्या अणूंच्या वजनावर व बंधांच्या ताकदीवर ठरतात. विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगातून रामन यांना ते स्वर वाचता आले. तारेवर अडकवलेल्या वजनाचे गणित ज्याने वर्षानुवर्षे केले, त्याच्यासाठी ही भाषा नवखी नसणार.

१९३३ मध्ये ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. इथली त्यांची नोंद सरसकट गौरवाची नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी प्रवेश मागितला, तेव्हा केवळ स्त्री म्हणून रामन यांनी तो नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला, तो त्यांनी कामातून सार्थ केला आणि नंतर मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. पुढे केंब्रिजची पीएचडी मिळवणाऱ्या कमला सोहोनी त्या याच, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. वजनाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस माणसे जोखताना मात्र चुकला, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

संस्थेतल्या वादांतून १९३७ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले, पण १९४८ पर्यंत तिथेच प्राध्यापक राहिले. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ते पुन्हा एकदा तबल्याकडे वळले होते आणि शाईवरचे काम त्यांनी सविस्तर पूर्ण केले. निवृत्तीनंतर रामन संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये भारतरत्न मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी स्मारक न बांधता एक झाड लावण्यात आले.